पट्टी सुटली, लॉक मिळेना

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेरीस वीस वर्षांची झाली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य तिथेच संपतं, त्यामुळे पद्मिनीही संपली. एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. वर्तमानपत्रांचा तर आठवडाभर गळा दाटून आला होता. ज्यांनी भर जुलैत हिंदमाताच्या पाण्यात तिची अडकलेली काच वर ओढली नव्हती, ते जरा जास्तच हळहळले.

या मजकुराचा लेखक तेव्हा फारसा हळहळला नव्हता. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या स्वतःच्या तेरा वर्षांच्या हॅचबॅकची दाराखालची काळी पट्टी द्रुतगती मार्गावर सुटली आणि लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत फडफडत आली. तेव्हा मात्र त्याला पद्मिनी आठवली. सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या मुलाने खाली न वाकताच निदान केलं होतं, "सर, लॉक तुटलेत. सुटे येत नाहीत, पूर्ण सेट मागवावा लागेल." तुटला होता नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, आणि बदलायची होती अख्खी बाजू.

मागे वळून पाहायचं, तर पहिली काही दशकं एका दमात ओलांडता येतात. 1964मध्ये फियाट 1100 डिलाइट आली, 1974मध्ये तिचीच पद्मिनी झाली. मध्ये जी काही वर्षं गेली ती प्रतीक्षायादीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी मिळाली हेच भाग्य, तिच्या कुशीवरची चकाकती पट्टी सरळ बसली आहे की नाही हे कोण बघतो!

खरी गंमत नव्वदच्या दशकाची.

तेव्हा मुंबईतल्या कुठल्याही गल्लीत डेंटरकडे दूध पावडरचा एक जुना डबा असायचा. त्यात निरनिराळ्या गाड्यांच्या काढलेल्या क्लिपा, स्प्रिंगा, वायसर, आखूड बोल्ट. टॅक्सी उभी राहिली की तो पट्टीवर बोटं फिरवायचा आणि कुठे ढिली आहे ते न बघता सांगायचा. धातूची पट्टी क्लिपांवर बसवलेली असे, क्लिपा पत्र्याच्या भोकांत. वाकलेली क्लिप पकडीने सरळ करायची, भोकाच्या कडेला ग्रीसचं बोट लावायचं म्हणजे पाणी आत शिरून गंज धरत नाही, आणि पट्टीवर फडकं ठेवून तळहाताने ठोकायचं. टॅक्सीवाल्याचा चहा संपायच्या आत काम संपायचं. डब्यात नसलेला तुकडा ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे मिळे, तिथे नसला तर चोरबाजारात. चोरबाजारातला कदाचित आपल्याच गाडीचा असे, पण मिळे.

मात्र त्या काळावर ओवाळून टाकावं असंही नाही. त्याच गल्लीत दुसऱ्या जातीचा कारागीर होता. त्याच्याकडे डबा नव्हता, ड्रिल होतं. सुटलेल्या पट्टीवर तो सरळ स्क्रू मारायचा. पट्टी त्या दिवशी घट्ट बसे, पण उघड्या पडलेल्या पत्र्यात पहिल्याच पावसाचं पाणी जाई. दोन-तीन पावसाळ्यांत रंगाखाली फोड येत, मग पुट्टी, मग पुट्टीवर रंग, मग पुट्टीसकट निखळलेला दाराचा तळ. पद्मिनीचे कितीतरी पत्रे अपघाताने नव्हे, अशा दुरुस्तीने सडले. तिच्या मृत्युलेखांत या स्क्रूवाल्यांचा उल्लेख कुठे आला नाही, म्हणून इथे करून ठेवलेला बरा.

1993मध्ये मोटारउद्योगाचा परवाना सुटला. त्याच वर्षी झेन आली, पुढच्या वर्षी एस्टीम. नव्या गाडीला कोणी घासू नये म्हणून दारांवर रबरी बीडिंग लावायची लाट आली. अॅक्सेसरीवाले ती डबल टेपने चिकटवत आणि टेप जपानी असल्याचं छातीठोक सांगत. जपानी असेलही. पण खालचं पॉलिश पुसायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत, आणि टेप बिचारी रंगाला न चिकटता मेणाला चिकटली. ऑक्टोबरच्या उन्हात बीडिंगची टोकं मिशांसारखी वर वळत. मग घरोघरी फेव्हिक्विकचे प्रयोग झाले. तो गोंद वाळला की कडक आणि ठिसूळ होतो. गाडी थरथरते, उन्हात प्लास्टिक फुगतं, रात्री आकसतं, आणि जोड कट्कन सुटतो. रंगावर पांढरा डाग तेवढा कायमचा उरतो.

2000 नंतरची वर्षं या बाबतीत कंटाळवाणी. प्लास्टिक वाढलं, डेंटर कमी झाले, डबे भंगारात गेले.

गंमत अशी, की आजची टेप त्या काळापेक्षा खरोखर चांगली आहे. फोमची अॅक्रिलिक टेप थरथर पोटात घेते आणि पत्र्याला भोकही पाडत नाही. मात्र तिला घाई खपत नाही. लेखकाने अखेर नाना पेठेतून तशाच मापाचे लॉक शोधून आणले आणि एका रविवारी जमिनीवर फतकल मारली. जुना फोम नायलॉनच्या दोऱ्याने करवतीसारखा कापला, उरलेला चिकटा बोटाने चोळून काढला, दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. मूळ जागेची खूण मास्किंग टेपने आधीच करून ठेवली होती, कारण ही टेप एकदा टेकली की सरकवता येत नाही. पट्टीला नवी टेप लावली, हेअर ड्रायरने थोडी ऊब दिली, लॉक भोकांत बसवले, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने जोर देत गेला. अशी टेप साधारण 72 तासांनी पूर्ण ताकद धरते. तोवर गाडी धुवायची नाही.

गाड्या धुणाऱ्या मुलाला त्याने हे दोनदा बजावलं. मुलाने दोन्ही वेळा मान डोलावली आणि सोमवारी सकाळी सहा वाजता पाइप नेमका त्याच पट्टीवर धरला. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून लेखक "अरे, तिथे नको!" म्हणून ओरडला, तेव्हा खालून शांत उत्तर आलं, "साहेब, इथेच तर जास्त चिखल आहे."