इंजिनातली ठकठक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडीच्या इंजिनातून ठकठक येऊ लागली की बेअरिंग गेले, असे बहुतेकांना वाटते. पण टॅपेट, पिस्टन, टायमिंग चेन, इतकेच काय, सैल झालेली पुलीही तसाच आवाज करते. आवाज केव्हा येतो आणि कशाने बदलतो, यावरून निदान होते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. त्यामुळे टॅपेटची हलकी टिकटिक वरून येते आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच वाजते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका खालून, जड आणि भरभर येतो. पिस्टन सैल असेल तर आवाज थंड इंजिनात मोठा असतो आणि इंजिन तापले की उतरतो. बेअरिंगचे बहुधा उलट होते, कारण तापलेले ऑइल पातळ होते.

चढावर अॅक्सिलरेटर दाबताना पेट्रोल इंजिनात येणारी खणखण वेगळीच. तिथे ठिणगी पडल्यावर उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल, साचलेला कार्बन किंवा चुकलेले टायमिंग ही त्याची कारणे. मात्र महिनोन्महिने दुर्लक्ष झाले, तर हे हादरे बेअरिंगलाही भोवतात.

चालू इंजिनात एकेका इंजेक्टरचे कनेक्शन काढून पाहणे ही साधी पण बोलकी चाचणी आहे. ज्या सिलिंडरचे कनेक्शन काढताच ठोका दबतो, त्याच्या रॉडवर संशय घ्यावा.

ऑइलचा दिवा विझलेला आहे म्हणून दाब पुरेसा आहे, हा समज महागात पडतो. बऱ्याच गाड्यांत हा दिवा दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली गेल्यावरच लागतो. खरा दाब गेज लावूनच कळतो. जाड ऑइल ओतल्याने आवाज दबतो. झिजलेला धातू काही परत येत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर कीस नाही, यातूनही काही सिद्ध होत नाही. बेअरिंगचा घासला जाणारा थर तांबे, शिसे, कथील किंवा अॅल्युमिनियमचा असतो आणि चुंबक फक्त लोखंड धरते. त्यापेक्षा जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात पाहाव्यात: तांबूस किंवा रुपेरी चमकी दिसली की झीज पक्की.

ठोका रॉडचाच निघाला तर गाडी ओढूनच न्यावी. तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. नुसते बेअरिंगचे नवे शेल टाकून काम भागेलच असे नाही. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंग बसते तो भाग, मायक्रोमीटरने मोजावे लागते. ते ओरखडलेले किंवा लंबगोल झाले असेल, तर ग्राइंड करून सहसा 0.25 मिमी अंडरसाइज शेल बसवतात. ऑइल पंपाची तुंबलेली जाळी किंवा कमी पडलेले ऑइल, म्हणजे मूळ कारण, तसेच राहिले तर नवे शेलही त्याच वाटेने जातात.