कच्चं हाड, कोवळी हाडं

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळी लिलाव सुरू असतो तेव्हा टोपल्यांपासून चार हात लांब कुत्री बसलेली असतात. बांगड्याचं मुंडकं, ढोम्याचं शेपूट, फुटकी मांदेली, जे उडून पडेल ते कच्चंच गिळतात आणि बरी धडधाकट दिसतात. गेल्या वर्षी भाट्याच्या पुलाजवळ सापडलेलं काळंकुट्ट पिल्लू मी घरी आणलं (रंगावरून नाव पडलं तिरफळ), तेव्हा माझ्या पुण्याच्या भाच्याने फोनवर याच कुत्र्यांचा दाखला दिला. "मामा, कुत्रा म्हणजे लांडगाच. त्याला भात कसला घालतोस? कच्चं मांस घाल, हाडासकट."

दाखला पटण्यासारखा होता. फक्त जेटीवर आपल्याला दिसतात ती जगलेली कुत्री. त्यांच्याबरोबर जन्मलेली बाकीची पिल्लं मोजायला कोणी बसलेलं नसतं.

भाचा बोलत होता त्याचा उगम ऑस्ट्रेलियात आहे. तिथले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली 'गिव्ह युअर डॉग अ बोन' हे पुस्तक काढलं. कच्चं मांस, मांसल हाडं, थोडी कलेजी, थोडा भाजीपाला असा त्यांचा आहार पुढे 'बार्फ' या नावाने जगभर पसरला. त्यांचा राग होता तो पाकिटातल्या खाद्यावर. गंमत अशी की ते पाकीटही बंदरावरच जन्मलं, असं सांगतात. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने इंग्लंडच्या धक्क्यावर खलाशांनी टाकलेली जहाजी बिस्किटं कुत्री कुरतडताना पाहिली आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं बनवायचा धंदा काढला.

आमच्याकडची रीत या दोन्हींच्या आधीची. उरलेला भात, त्यावर कालवणाचं पाणी, वर माशाचं मुंडकं. लांडग्याचा हा नातेवाईक भातावर जगतो कसा, याचं उत्तर २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दिलं. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याची ती खूण. तेव्हा भात पचतो, यात शंका नाही. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं, आणि पिल्लाच्या बाबतीत सगळं घोडं या पुरण्यापाशीच अडतं.

पाच किलोचं, तीन महिन्यांचं पिल्लू घ्या. त्याला दिवसाला ३०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन आणि मूठभर भात घातला तर घरातल्या कोणालाही वाटेल की याचे फार लाड चाललेत. आता हिशेब करू. १०० ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम साधारण १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस १८०च्या पुढे. म्हणजे ३०० ग्रॅममध्ये ३० विरुद्ध साडेपाचशे. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, आणि दिवसाची एकूण गरज दीडदोन ग्रॅमच्या घरात जाते. इथे कॅल्शियम मिलिग्रॅमांत मिळतंय. भात ही तूट काडीचीही भरून काढत नाही. कलेजीने तर तूट वाढते, आणि जास्त झाली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो तो वेगळाच. एकूण खाण्याच्या विसाव्या हिश्शाहून जास्त कलेजी नको.

रक्तातलं कॅल्शियम उतरू लागलं की गळ्यातल्या परावटू ग्रंथी कामाला लागतात आणि ते हाडांतून उपसून आणतात. पिल्लू खेळतं, खातं, वजनही वाढतं. आतून हाडं मात्र पोकळ होत जातात. आमच्या डॉक्टरांनी मला एक जुना एक्स-रे दिव्यासमोर धरून दाखवला. चार महिन्यांचं लॅब्राडोर, घरच्यांनी प्रेमाने फक्त बिनहाडाचं चिकन घातलेलं. मांडीच्या हाडाची सावली शेजारच्या मांसाइतकीच फिकी. कडेची पांढरी रेघ कागदासारखी पातळ, आणि मध्यावर एक घडी. सोफ्यावरून उडी मारल्याचं निमित्त झालं होतं.

"मग कॅल्शियमच्या गोळ्या घालू?" असं मी विचारलं तर त्यांनी हातच जोडले. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, येईल तेवढं ते शोषून घेतं. ग्रेट डेनच्या पिल्लांना जास्त कॅल्शियम दिलं की सांगाडा वेडावाकडा वाढतो, हे नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात १९८०च्या दशकात दिसून आलं. मोठ्या जातीच्या पिल्लाला म्हणूनच अंदाजपंचे काही घालू नये. अंड्याचं कवच वाटून घालायची युक्ती मलाही कोणीतरी सांगितली होती. चमचाभर पुडीत कॅल्शियम भरपूर, दोन ग्रॅमच्या आसपास. पण फॉस्फरस जवळजवळ नाहीच, आणि वाढत्या हाडाला दोन्ही हवेत. मोठ्या कुत्र्याला ते चालून जातं, पिल्लाला अपुरं पडतं.

बिलिंगहर्स्ट यांचं हाडाबद्दलचं म्हणणं इथे खरं ठरतं. हाडात दोन्ही क्षार आहेत आणि हव्या त्या प्रमाणात आहेत. कच्च्या आहारावर पिल्लू वाढवायचंच असेल तर हाड ही चैन नव्हे, तोच त्या जेवणाचा पाया. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के खाण्याजोगं हाड लागतं. त्याहून जास्त झालं तर शी खडूसारखी पांढरी आणि कडक होते, पिल्लू कुंथत बसतं.

कोणतं हाड, हे चिकनच्या दुकानात उभं राहून ठरवावं. कोंबडीची मान आणि पंखाचं टोक चालतं. अंगठ्याचं नख दाबून पाहावं, हाड थोडं दबलं पाहिजे. मटणवाल्याकडची नळी बघायला झकास, पण ती दातांची वैरीण. वरच्या जबड्यातली मोठी दाढ तिच्यावर उभी चिरते. सत्तुराने तोडलेल्या तुकड्यांना तर सुरीसारखी धार असते. आणि शिजवलेलं हाड कुठलंच नाही, रविवारच्या रश्श्यातलं तर नाहीच. उष्णतेने हाडातला चिवटपणा जाऊन ते काचेसारखं फुटतं, शिवाय रश्श्यात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला विषारी. (दिवाळीच्या लाडवातला बेदाणाही तसाच.)

एवढं सांभाळलं तरी दुकानापासून ताटलीपर्यंतचा प्रवास उरतो. कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. मोठा कुत्रा ते बहुधा पचवतो, आठ आठवड्यांच्या पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. त्यातून ते जिवाणू लाळेतून, शीतून घरातल्या लहान मुलाच्या हाताला लागतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ साली कच्च्या मांसाविरुद्ध भूमिका घेतली, तेव्हा त्यात माणसांचीही काळजी होती. फ्रीजरमधल्या थंडीने काही कृमी मरतात, जिवाणू नुसते निजतात.

शेळ्यामेंढ्यांच्या कलेजी-फुप्फुसावर कधी पाण्याने भरलेला पांढुरका फोड दिसतो. तो हायडॅटिड नावाच्या कृमीचा. कुत्र्याने तो खाल्ला की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली तर यकृतात तसाच फोड धरतो. कुत्र्याला काही होत नाही, शस्त्रक्रिया माणसावर होते. कत्तलखान्याबाहेर अवयव कुत्र्यांपुढे फेकायची आपली सवय या चक्राला खतपाणी घालते. मटणाचा कुठलाही अवयव मी कच्चा घालणार नाही, भाचा काहीही म्हणो.

आणि मासे? रत्नागिरीत हा प्रश्न टळत नाही. तारलीच्या कुळातल्या काही माशांत कच्चेपणी थायामिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व फोडून टाकतं. रोज कच्चे घातले तर पिल्लू लटपटू लागतं, झटकेही येतात. उकळलं की ते विकर निकामी होतं. बांगड्याचं उलट आहे. उन्हात पडून राहिलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. तेव्हा आपण जो मासा पोरांना घालणार नाही, तो 'कुत्र्याला चालेल' म्हणून घेऊ नये. जून-जुलैत मासेमारी बंद असताना सुक्या माशांवर हात जातो, पण त्यांत मीठ फार.

पुण्याच्या भाच्याला न सुचणारी एक अडचण म्हणजे आमची वीज. महिन्याभराच्या माना फ्रीजरमध्ये भरून ठेवायच्या, असं कच्च्या आहारवाल्यांचं शास्त्र सांगतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. तेवढं सोडा, साध्या आषाढातही आमचा फ्रीज दिवसातून दोनदा घाम गाळतो. वितळलेलं मांस पुन्हा गोठवलं की काय होतं, ते नाकाला आधी कळतं.

तर मी मधला मार्ग धरला. सहा महिने तिरफळला उकडलेलं चिकन, काटे काढलेला मासा, भात, भोपळा, आठवड्याला एखादा कलेजीचा तुकडा, आणि डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेली कॅल्शियम-फॉस्फरसची पूड. जंताचं औषध त्यांच्या तक्त्याप्रमाणे, पार्व्होची लस दीड महिन्यापासून, रेबीजची तीन महिन्यांवर. दर रविवारी वजन आणि पुढच्या पायांकडे एक नजर, वाकडे तर होत नाहीत ना.

वर्षाचा झाल्यापासून रविवारी एक ताजी मान त्याला मिळते. मी एक टोक धरून बसतो, म्हणजे गिळता येत नाही, चावावं लागतं. जागा मागीलदारची धुण्याची दगडी, नंतर ती साबणाने घासायची, हातही. गणपतीत भाचा आला होता, तो कौतुकाने बघत होता. मान पाच मिनिटांत संपली. तिरफळने मिशा चाटल्या, अंगण ओलांडलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन भातासाठी बसला.