औंढ्याजवळची पोकळी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळा गावाच्या शिवारात जे यंत्र उभे राहणार आहे, त्याचा सर्वांत मोठा भाग म्हणजे पोकळी. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन पोलादी नळ्या आणि त्यांच्या आत सुमारे दहा हजार घनमीटर निर्वात जागा. बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाइतकाच दाब आत उरला पाहिजे. या यंत्राचे नाव लायगो-इंडिया. वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड आणि लुइझियानातील लिव्हिंग्स्टन येथे अशाच दोन वेधशाळा आहेत. औंढ्याची त्याच आराखड्यावर बांधायची आहे.

14 सप्टेंबर 2015 रोजी त्या दोन्ही वेधशाळांना एक गुरुत्वीय लहर जाणवली. सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि त्या घटनेची लहर सुमारे 130 कोटी वर्षे प्रवास करून पृथ्वीवर पोहोचली होती. अशी लहर जाते तेव्हा यंत्राच्या काटकोनातल्या दोन भुजांपैकी एक किंचित लांबते आणि दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान असतो. तो मोजायला कोणतीही पट्टी पुरत नाही. प्रकाशच लागतो, आणि तोही अनुनादात बांधलेला.

नागपंचमीला झाडाला टांगलेला झोका उंच न्यायला जोर फारसा लागत नाही, वेळ साधावी लागते. प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी दिलेला छोटा रेटा आधीच्या रेट्यांत मिळत जातो. हाच अनुनाद. भुजेच्या दोन टोकांच्या आरशांमध्ये लेसरच्या प्रकाशाचे असेच होते. आरशांमधले अंतर प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तरच येणारा प्रत्येक तरंग आत फिरणाऱ्या तरंगांशी जुळतो आणि प्रकाश साठत जातो. लायगोच्या लेसरची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर. प्रकाश चार किलोमीटरच्या भुजेत सुमारे तीनशे वेळा परावर्तित होतो, म्हणजे भुजा जणू बाराशे किलोमीटरची होते. काही दहा वॅटचा किरण आत शिरतो आणि भुजांमध्ये लाखो वॅट फिरू लागतात. मात्र आरसा एका नॅनोमीटरने सरकला, तरी ही जुळणी सुटते. म्हणून यंत्र सतत स्वतःला सावरत राहते. या क्षेत्रातले लोक त्याला ‘लॉक’ म्हणतात, आणि लॉक टिकवणे हेच त्यांचे रोजचे काम.

आता पोकळीचे कारण कळेल. किरणाच्या वाटेत हवेचा रेणू आला की प्रकाशाची गती क्षणभर बदलते आणि तरंगांची जुळणी डळमळते. रेणू आरशांवरही आदळतात, आवाज वाहून आणतात. धुळीचा कण आरशावर बसला आणि तीव्र प्रकाशाने तापला, तर आरसाच खराब होतो. पण सर्वांत चिवट शत्रू पाणी. इतक्या कमी दाबात पाणी द्रवरूपात टिकत नाही. खोलीच्या तापमानालाही ते उकळून वाफ होते. एक थेंब आत राहिला आणि त्याची सगळी वाफ त्या दहा हजार घनमीटरमध्ये पसरली, तर दाब हव्या त्या पातळीच्या हजारो पट होईल. थेंब निदान दिसतो तरी. पोलादाच्या भिंतीला चिकटलेला रेणूंचा थर दिसत नाही आणि महिनोन्‌महिने सुटत राहतो.

यावरचा अमेरिकेतला उपाय मला या यंत्राच्या साऱ्या हुशारीत सर्वाधिक आवडतो. तिथे सुमारे सव्वा मीटर व्यासाच्या नळ्यांभोवती उष्णतारोधक आवरण चढवले आणि त्यांतून सुमारे दोन हजार अँपिअरचा विद्युतप्रवाह सोडला. नळी स्वतःच तापून दीडशे अंशांच्या वर गेली आणि महिनाभर भाजत राहिली. सुटलेली वाफ पंप बाहेर ओढत होते. नळीची भिंत जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची; बाहेरच्या हवेने ती चेपू नये म्हणून तिच्यावर ठरावीक अंतराने कडी जोडलेली. शिवाय द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेले सापळे उरलेली वाफ गोठवून धरतात. औंढ्यात ही निर्वात व्यवस्था आपण उभारायची आहे. तिची जबाबदारी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे. लेसर आणि प्रकाशीय भाग इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे, बांधकाम अणुऊर्जा विभागाच्या मुंबईतील संचालनालयाकडे, तर जागेची निवड आणि विदेचे विश्लेषण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेकडे. आरसे आणि त्यांची टांगणी अमेरिकेकडून येणार. प्रत्येक आरसा चाळीस किलोचा, अतिशुद्ध सिलिकाचा, केसासारख्या काचतंतूंवर लोंबणारा.

आयुकाचा वाटा केवळ जागा निवडण्यापुरता नाही. संजीव धुरंधर तिथे 1980च्या दशकाच्या अखेरीपासून काम करत आले. गोंगाटात बुडालेली लहर ओळखायची तर तिचा आकार आधी माहीत हवा आणि मोजणीशी ताडून पाहता यायला हवा. ही रीत धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी घडवली. तेव्हा असे यंत्र कुठेच चालू नव्हते. कृष्णविवर धक्का बसल्यावर कसे निनादते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी 1970मध्येच दाखवले होते. 2015ची लहर विरली, ती याच निनादाच्या ओळखीच्या स्वरूपात. हा वारसा असताना यंत्र मात्र परदेशातच असावे, हे मला कधी पटले नाही.

दुधाळ्याच्या शिवाराचा फायदा त्याच्या दूर असण्यात आहे. बेसाल्टचा कठीण पाया, सपाट जमीन, मोठ्या कारखान्यांपासून आणि रेल्वेपासून अंतर. भूकंपाचे सावट अगदीच नाही, असे नव्हे: मार्च आणि जुलै 2024मध्ये या जिल्ह्याला सुमारे साडेचार तीव्रतेचे धक्के बसले. असा धक्का लॉक सोडवतो. नंतर तो पुन्हा धरावा लागतो. पण या जागेचे खरे मोल पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असण्यात आहे. दोन वेधशाळांत लहर काही मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचते, आणि त्या फरकावरून आकाशातला लांबलचक पट्टाच काय तो मिळतो. 17 ऑगस्ट 2017 रोजी इटलीतील व्हर्गो ही वेधशाळा सोबतीला असल्यामुळे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा सुमारे तीस चौरस अंशांपर्यंत आवळता आली. मग दुर्बिणी तिकडे वळल्या, आणि त्या टकरीचा रेडिओ अवशेष नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही टिपला. औंढ्याची भर पडली की हा शोध आणखी नेमका होईल, आणि दुर्बिणींना घाई करता येईल.

लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016मध्ये मिळाली; सुमारे 2600 कोटी रुपयांच्या पूर्ण खर्चाला मंत्रिमंडळाची मान्यता 6 एप्रिल 2023ला. ही सात वर्षे वाया गेली, असे मी म्हणेन. पायाभरणी 11 मे 2023ला झाली, आणि पूर्णतेचे उद्दिष्ट 2030 आहे. अमेरिकेत हॅनफर्डचे काम 1994मध्ये सुरू झाले, पहिले निरीक्षण 2002मध्ये, पहिली लहर 2015मध्ये. मधल्या काळात तिथल्या माणसांना कंपने, प्रकाशाचा विखुरलेला अंश, आरशांचा थरथराट, सगळे एकेक करून शोधावे लागले. औंढ्याला यांतले बरेचसे आयते मिळेल. नळ्या भाजणे, गळती शोधणे आणि लॉक धरून ठेवणे मात्र इथल्याच हातांनी शिकावे लागेल, आणि ते हात आजच तयार होऊ लागले पाहिजेत: पुण्यात, गांधीनगरात, इंदूरमध्ये, आणि मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतही.