ठोका जड कशाने होतो?

मंडळी, आपल्या कळमेश्वरात विसर्जनाला ढोलताशा निघाला की आपण दोन गोष्टी ऐकतो. ढोलाचा ठोका छातीत बसतो आणि ताशांचा कडकडाट रस्ताभर पसरतो. एक जड, दुसरा रुंद. संगणकावर गाणी बनवणाऱ्या आपल्या पोरांना नेमकं हेच हवं असतं. ती काय करतात? आवाज वाढवतात. तिथंच गाडी अडते.

आधी रुंदी बघू. वीस ताशे एका क्षणी वाजत नाहीत. काठ्या काही मिलिसेकंद मागंपुढं पडतात आणि वादक वेगवेगळ्या जागी असतात. एवढा छोटा फरक कान दोन आवाज म्हणून मोजत नाही, एकच पसरलेला आवाज म्हणून घेतो. म्हणून एकच रेकॉर्डिंग डावीउजवीकडे सारखं ठेवलं तर ते मधोमधच ऐकू येतं. दोनदा वाजवून घ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे.

आता जडपणा. 60 हर्ट्झची लहर साडेपाच मीटरहून लांब असते; ती कुठून आली हे कानाला नीट सांगता येत नाही. म्हणून खालचा ठोका मधोमध ठेवायचा. डावाउजवा उलट झाला, म्हणजे एक स्पीकर हवा ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, तर दोघं एकमेकांना खातात. शिवाय ठोक्याच्या वेळी बेस क्षणभर खाली आणला, तर ठोक्याला जागा मिळते.

मोबाईलचा स्पीकर 60 हर्ट्झ जवळजवळ देतच नाही. पण सॅच्युरेशनने 120, 180, 240 हे वरचे स्वर मिसळले, तर गाळलेला 60 आपला मेंदू भरून काढतो. म्हणजे जडपणा नुसता यंत्रात नाही, ऐकणाऱ्यातही आहे. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना मौज वाटते ती इथे.

आणि ऐकणाऱ्यालाच आपण गमावतोय. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. डीजेच्या भिंतीपुढे नाचताना आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या, तर त्या परत उगवत नाहीत. मग कमी ऐकणारा माणूस आवाज आणखी वाढवतो.

तेव्हा एक सवय लावून घेऊ. बदल केला की आधीची आणि नंतरची प्रत सारख्याच आवाजावर आणून ऐकायची. मोठी प्रत नेहमी चांगलीच वाटते. सारख्या आवाजातही नवा ठोका जड वाटला, तरच तो जड झाला म्हणायचं.