मेंदूविकास, वर्तन व आरोग्य

गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून वयाच्या सु. पंचविसाव्या वर्षापर्यंत मानवी मेंदूच्या रचनेत व कार्यात क्रमाक्रमाने होणाऱ्या बदलांस मेंदूविकास असे म्हणतात. प्रौढ मेंदूचे वजन सु. १,३०० ते १,४०० ग्रॅ. असून त्यात सु. ८,६०० कोटी तंत्रिका कोशिका असतात. शरीराच्या वजनाच्या मानाने मेंदू केवळ दोन टक्के असला, तरी विश्रांत अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सु. वीस टक्के ऊर्जा तो वापरतो. बालपणी हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक असते. मेंदूची सर्वसाधारण आखणी जनुकांनी ठरते. परंतु ती प्रत्यक्षात कितपत उतरते, हे मातेचा आहार, संसर्ग, अंतःस्रावी द्रव्ये आणि बालकाला लाभणारा सहवास यांवर अवलंबून असते. विकासाच्या प्रत्येक टप्प्याची गरज वेगळी असते व टप्पा उलटून गेल्यावर उणीव भरून काढणे कठीण जाते. वर्तन व आरोग्य यांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व येथेच आहे.

गर्भावस्था : भ्रूणाच्या पाठीकडील पेशीस्तराला पन्हळीसारखा आकार येऊन तिच्या कडा जुळतात व तंत्रिका नलिका तयार होते. या नलिकेच्या वरच्या टोकापासून मेंदू व उरलेल्या भागापासून मेरुरज्जू बनतो. ती गर्भधारणेनंतर सु. २८ दिवसांत बंद होते. म्हणजे अनेक स्त्रियांना आपण गरोदर असल्याची जाणीव होण्यापूर्वीच हा टप्पा संपलेला असतो. नलिका नीट न मिटल्यास मेंदूचा वा कण्याचा गंभीर जन्मदोष उद्‌भवतो. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अम्ल दिल्यास असे दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सु. ७२ टक्क्यांनी घटते, असे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ मधील अभ्यासात आढळून आले. पुढील महिन्यांत तंत्रिका कोशिका झपाट्याने वाढतात व आपापल्या स्थानी स्थिरावतात. या कामी अवटू ग्रंथीच्या स्रावाची, पर्यायाने आयोडिनाची, आवश्यकता असते. आयोडिनाच्या तीव्र अभावी बालकात मतिमंदत्व व बहिरेपणा येऊ शकतो. हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि मा. ग. देव, एम. जी. करमरकर इ. सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून आयोडिनयुक्त मीठ पुरविल्याने गलगंडाचे प्रमाण घटते, हे सिद्ध झाले. भारतात मानवी आहारासाठी आयोडिनरहित मिठाच्या विक्रीवर २००६ पासून बंदी आहे.

शैशव व बाल्य : जन्मसमयी मेंदूचे वजन सु. ३५० ते ४०० ग्रॅ. असते आणि दोन वर्षांच्या वयात तो प्रौढ आकाराच्या सु. तीन-चतुर्थांशापर्यंत पोहोचतो. ही वाढ मुख्यतः कोशिकांच्या शाखांची, त्यांवरील मेदयुक्त आवरणाची आणि दोन कोशिकांना जोडणाऱ्या अनुबंधनांची असते. प्रारंभी अनुबंधने गरजेहून अधिक निर्माण होतात. वापरातील टिकतात व बिनवापराची नाहीशी होतात. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन व्हीझल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून असे दाखविले की, ठराविक वयात दृष्टीचा अनुभव न मिळाल्यास डोळा निर्दोष असूनही मेंदूतील दृष्टिकेंद्र त्याचे संदेश स्वीकारीत नाही. या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बालकातील तिरळेपणा वा बहिरेपणा लवकर ओळखून उपचार करण्याचा आग्रह याच तत्त्वावर आधारलेला आहे. बोलणे, गाणे, खेळविणे, कुशीत घेणे या घरगुती गोष्टींचाही या जडणघडणीत वाटा असतो. जमेका बेटावर १९८० नंतरच्या दशकात वाढ खुंटलेल्या बालकांच्या घरी दर आठवड्यास जाऊन मातांना खेळातून शिकविण्याच्या रीती दाखविण्यात आल्या. ही बालके बावीस वर्षांची झाली, तेव्हा त्यांची कमाई तशी मदत न मिळालेल्यांपेक्षा सु. पंचवीस टक्क्यांनी अधिक होती.

पौगंडावस्था व वर्तन : भावना व बक्षिसाची ओढ यांच्याशी संबंधित भाग लवकर सक्रिय होतात, तर संयम, नियोजन व परिणामांचा विचार यांचे स्थान असलेला कपाळामागील बाह्यकाचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. या वयातील धाडस, चिडखोरपणा व सोबत्यांचा प्रभाव यांचे काही अंशी स्पष्टीकरण या अंतरातून मिळते. मात्र त्यामुळे वर्तन पूर्वनियोजित ठरते, असे नाही. सवयी, शिक्षण व घरातील वातावरण यांनी अनुबंधने आयुष्यभर बदलत राहतात. अनेक मानसिक विकारांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आतच होते. दीर्घकाळ टिकणाऱ्या ताणामुळे स्रवणारे कॉर्टिसॉल झोप, स्मरण व रक्तदाब या तिहींवर विपरीत परिणाम करते.

महाराष्ट्रातील अभ्यास : पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाच्या चमूने चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील स्त्रियांच्या आहाराची पाहणी सुरू केली. तीत ब१२ या जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळते. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ते फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाली असता अवधान व अल्पकालीन स्मरण यांच्या काही चाचण्यांत मागे पडली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच पाहणीत जन्मलेल्या मुलामुलींना किशोरवयात, २०१२ पासून, ब१२ पुरविण्याचा प्रयोग करण्यात आला. त्यांतील मुली पुढे माता झाल्या. केवळ ब१२ घेतलेल्या गटातील मातांची अपत्ये दोन वर्षांच्या सुमारास आकलन व भाषा यांच्या चाचण्यांत सरस ठरल्याचे २०२१ मध्ये नमूद झाले. तपासलेल्या बालकांची संख्या लहान असली, तरी मेंदूच्या पोषणाची तयारी गर्भधारणेपूर्वी व्हावी, या मताला त्यातून पुष्टी मिळते.

नासिक जिल्हा : या ज्ञानाचा व्यवहारातील उपयोग किती अवघड असतो, याचे उदाहरण नासिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात मिळते. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथे प्रामुख्याने कोकणा, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती असून भात, नागली व वरई ही डोंगरउतारावरील मुख्य पिके होत. नागलीतून कॅल्शियम भरपूर मिळते. परंतु ब१२ कोणत्याही धान्यातून मिळत नाही. त्यामुळे आहारात अंडी, मासे वा दूध यांचा समावेश असणे महत्त्वाचे ठरते. राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत अनुसूचित क्षेत्रांतील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण, तर बालकांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद करण्यात आली. पावसाळी शेती उरकल्यावर मात्र या भागातील अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाड इ. तालुक्यांतील द्राक्षबागांत मजुरीसाठी जातात आणि बालकाचा गावच्या अंगणवाडीशी असलेला संबंध तुटतो. वर्षातील हे काही महिने दोन वर्षांच्या बालकाच्या मेंदूविकासातील मोठा कालखंड असतात.

बालक शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार शेजारच्या तत्कालीन ठाणे (सध्याच्या पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ पासून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आचरणात आणला. अंगणवाडी ही कल्पना तेथेच रुजली व २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना हेच नाव मिळाले. जन्मदोष, आजार, न्यूनता व विकासातील विलंब लवकर शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३ मध्ये पालघर येथूनच आरंभिला गेला. स्थलांतरित कुटुंबाच्या बाबतीत याच विचाराचा विस्तार द्राक्षबागेतील वा वीटभट्टीवरील तात्पुरत्या वस्तीपर्यंत करणे क्रमप्राप्त ठरते.

उत्तरायुष्य : परिपक्व मेंदूची जपणूक बऱ्याच अंशी हृदय व रक्तवाहिन्या यांच्या जपणुकीशी निगडित असते. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, उपचार न केलेला बहिरेपणा, एकाकीपणा व अल्प शिक्षण हे स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे धोके मानले जातात. यांपैकी शिक्षणाचा संबंध बाल्याशी पोहोचतो. त्यामुळे वृद्धापकाळातील मेंदूच्या आरोग्याचा पायाही काही अंशी बालपणीच घातला जातो.