जुन्या गाडीला नवा रंग देताय? ग्राइंडर लावण्याआधी हे वाचा

अमरावती/अकोला : आजोबांची फिएट कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. यंदा तिला रंग द्यायचं घरात ठरतं. पेंटर म्हणतो, ‘गाडी शोरूमसारखी करून देतो’, आणि खरंच तशी करूनही देतो. पण बॉनेट उघडलं की लक्षात येतं: कंपनीची धातूची पट्टी रंगाखाली गेली आहे, चेसिस नंबरच्या आकड्यांत पुट्टी भरली आहे आणि जुनी लेबलं कचऱ्यात गेली आहेत. रंग पुन्हा देता येतो, या खुणा पुन्हा मिळत नाहीत.

आत्ताच हे महत्त्वाचं का?

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी फिएट १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ नावाने विकली जाऊ लागली. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनींनी आता पन्नाशी गाठली आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षं चालते. पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये लागतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

यात एक महत्त्वाची अट आहे. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नसावा. नुसतं रंगकाम म्हणजे असा फेरबदल नव्हे. पण आरसी बुकातली गाडी हीच, हे गाडीवरूनच सिद्ध करायचं तर चेसिस आणि इंजिन नंबर स्वच्छ वाचता यायला हवेत. घासलेला किंवा बुजलेला नंबर संशयाला जागा देतो.

कोणत्या खुणा जपायच्या?

सर्वांत आधी ठोकलेले चेसिस आणि इंजिन नंबर. मग रिव्हेटने बसवलेली कंपनीची पट्टी. त्यानंतर ऑइल, टायरमधली हवा, बॅटरी यांबद्दलची सूचना लेबलं, काचेवरचा उत्पादकाचा शिक्का आणि सुट्या भागांवरच्या छापील खुणा.

काम कसं करायचं?

१. आधी फोटो. प्रत्येक खुणेचा एक फोटो जवळून आणि एक लांबून घ्या. जवळच्या दोन कडांपासूनचं अंतर पट्टीने मोजून लिहा. नंतर ‘हे लेबल नेमकं कुठं होतं?’ हा वाद होत नाही.

२. नंबरचा ठसा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो, तसाच नंबरचा ठसा घ्या. आरसीशी तो पडताळा आणि जपून ठेवा.

३. नंबरवर ग्राइंडर नको. सँडब्लास्टिंग आणि पुट्टीही नको. जुना रंग थिनर आणि मऊ ब्रशने हळूहळू काढा. नंतर प्राइमर आणि रंगाचा पातळ थर द्या, म्हणजे आकडे भरून येत नाहीत.

४. पट्टी शक्यतो जागेवरच. मास्किंग टेपने नीट झाका. काढणं भागच असेल तर छिन्नीने उचकटू नका, ती वाकते. रिव्हेटचं डोकं ड्रिलने अलगद कापा. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कॉस्टिक सोड्यात कधीच टाकू नका, सोडा हा धातू खातो.

५. लेबलं घाईने सोलू नका. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यांत तापून तापून ती ठिसूळ झालेली असतात. हेअर ड्रायरची सौम्य ऊब देऊन कडेपासून उचला. तुटायला लागलं तर थांबा आणि जागेवरच झाका.

६. मूळ रंगाचा तुकडा राखा. पट्टीखाली किंवा डॅशबोर्डमागे कारखान्यातला रंग सापडतो. नवी छटा जुळवायला यापेक्षा चांगला नमुना नाही.

नंबर गंजून गेला असेल तर?

स्वतःहून नवे आकडे ठोकू नका. हेतू चांगला असला तरी ती खाडाखोड दिसते. आधी आरटीओकडे लेखी अर्ज करा. गाडीचा रंगच बदलणार असाल, तर त्याची नोंदही आरसीवर करून घ्या, कारण आरसीत रंगाचा रकाना असतो.

नवी पट्टी बसवली तर चालेल?

हुबेहूब दिसणारी पट्टी किंवा लेबल शोभेसाठी ठीक आहे. पण ती नक्कल आहे हे स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि मूळ तुकडा फेकू नका. जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाच्या टुरिन सनदेचाही भर नवं करण्यापेक्षा मूळ जपण्यावर आहे.

पेंटरशी पैशांचं बोलताना ही यादीही त्याच्या हातात द्या. कुठं ग्राइंडर लावायचा नाही, तिथं खडूने गोल करून ठेवा. घासकाम सुरू झाल्यावर धावत जाण्यात अर्थ नसतो.