पोवळ्यांचा तरवा आणि त्याची नोंदवही

आंबोलीचा घाट उतरून आपण आजरेकर मालवणास जातो, किल्ला पाहतो, मासे खातो. परंतु सिंधुदुर्गाच्या तटालगत पाण्याखाली जिवंत पोवळी आहेत, हे आपणांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पोवळे म्हणजे दगड नव्हे. चुन्याचे घर बांधून राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत होय.

घनसाळाचा तरवा उपटून आपण लावणी करतो, तसेच काहीसे पोवळ्यांचेही करता येते. मूळ वसाहतीचा लहानसा तुकडा चौकटीवर बांधून वाढवावा आणि मग उजाड खडकावर बसवावा. मालवणात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने पोवळ्यांच्या लागवडीचा प्रयोग झालेला आहे. मात्र लावणे हे सोपे काम. पुढे त्या तुकड्याचे काय झाले हे सांगणे कठीण.

भाताचे रोप महिन्यात डोळ्यांत भरते. भरीव जातीचे पोवळे मात्र वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. छायाचित्र घेताना कॅमेरा जरा कलला तरी मापात तेवढा फरक सहज पडतो! म्हणून पाणबुड्या ठराविक अंतरावरून, त्याच कोनातून, शेजारी मोजपट्टी ठेवून चित्र घेतो. प्रत्येक तुकड्याला क्रमांकाची पट्टी असते. पण तीवर शेवाळ चढते. तेव्हा ‘तिसरी चौकट, दुसरी ओळ, पाचवा तुकडा’ असा नकाशाही हाताशी लागतो.

मोजणीतही गंमत आहे. अर्धा तुकडा मेला तर तो जिवंत म्हणावा की मृत? एकाच मातेचे दोन शेजारी तुकडे वाढता वाढता जुळून एक होतात. म्हणजे कोणी न मरताच संख्या घटते. यासाठी जिवंत भाग किती आणि माता कोणती, हे दोन्ही लिहून ठेवावे लागते. नुसता ‘इतके जगले’ हा आकडा माझ्या मते फारसा कामाचा नाही.

पावसाळ्यात पाणी गढूळ आणि दर्या खवळलेला. तेव्हा पाहणी बंद. पाण्याखाली ठेवलेले तापमापक यंत्र तेवढे नोंद करीत राहते. पाणी फार तापले की पोवळे आपल्या अंगातील, त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. पांढरे पडले म्हणजे मेले असे नव्हे. उष्मा लवकर ओसरला तर ते सावरते. एकाच फेरीवर निकाल देता येत नाही तो यामुळे. २०२४ साली जगभर अशी पांढरी साथ असल्याचे जाहीर झाले. अशा उष्म्यातून कोणत्या मातेचे तुकडे तगले, हे वहीत असेल तरच पुढचा तरवा कोणापासून घ्यायचा ते ठरवता येते.